‘टाइप ए’ची गोष्ट : घाई, राग आणि हृदयविकार

अमेरिकेत आयकराचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख १५ एप्रिल. आपल्याकडे जुलैअखेर सी.ए.च्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात, तशीच तिथल्या अकाउंटंट मंडळींची एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दमछाक होते. १९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन डॉक्टरांनी ही दमछाक मोजायचं ठरवलं. त्यांनी चाळीसेक अकाउंटंट गाठले आणि जानेवारीपासून जूनपर्यंत ठरावीक दिवसांनी त्यांचं रक्त तपासलं. कोण काय खातं, किती चालतं, वजन किती याच्या नोंदी ठेवल्या. एप्रिल जवळ आला तसं या लोकांचं कोलेस्टेरॉल चढत गेलं आणि रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठू लागलं. मे-जूनमध्ये कामाचा रेटा ओसरला आणि दोन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या. जेवणात फरक पडला नव्हता, व्यायामातही नाही. बदललं होतं ते फक्त कॅलेंडरचं पान.

१९५८ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन अशी त्या डॉक्टरांची नावं. दोघंही माउंट झायन रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. माणसाचा स्वभाव आणि त्याचं हृदय यांचं नातं आकड्यांत पकडण्याची जी मोठी धडपड विसाव्या शतकात झाली, तिची खरी सुरुवात या अकाउंटंटांच्या रक्ताच्या नमुन्यांपासून झाली असं मी मानतो. पुढच्या तीस वर्षांत ही कल्पना जगभर पोचली, वैद्यकाच्या दरबारात मान्यता पावली आणि मग तिथेच कोसळली. तरी तिचा एक तुकडा शाबूत राहिला. तो कोणता, हे आपल्या घराघरातल्या माणसांना समजायला हवं.

त्या काळातली भीती आधी लक्षात घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत हृदयविकार हे मृत्यूचं पहिलं कारण बनलं होतं. चाळिशी-पन्नाशीतले धडधाकट, कमावते पुरुष बसल्या जागी जात होते. सप्टेंबर १९५५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये सुट्टीवर असताना झटका आला आणि सारा देश हादरला. त्या दिवशी गोल्फ खेळताना फोनवर फोन आल्यामुळे ते संतापले होते, अशी हकिगत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. त्यांचा राग मुळातच प्रसिद्ध होता. पण १९४९ पर्यंत ते रोज चार-चार पाकिटं सिगारेटी ओढत असत, हेही तितकंच खरं. राग आणि सिगारेट एकाच माणसात नांदत असतील तर दोष कुणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न या सबंध इतिहासात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

रागाने हृदय बंद पडतं, हे निरीक्षण काही नवं नव्हतं. अठराव्या शतकातला लंडनचा थोर शल्यविशारद जॉन हंटर याला छातीत कळा येत. स्वभावाने तापट. आपला जीव आपल्याला डिवचणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हातात आहे, असं तो म्हणत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयात संचालकांच्या बैठकीत वाद झाला, कुणीतरी त्याचं म्हणणं खोडून काढलं. तो उठून शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या कडक, हाडासारख्या झालेल्या आढळल्या. शंभरेक वर्षांनी विल्यम ऑस्लर या वैद्याने अँजायनाच्या, म्हणजे अशाच छातीतल्या कळांच्या, रोग्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दुबळा, चिंतातुर माणूस नव्हता. तनामनाने दणकट, महत्त्वाकांक्षी, सतत पूर्ण वेगात धावणारा माणूस त्याला या रोगात दिसला. ही मोठ्या वैद्यांची नजर होती. पण नजरेने पाहिलेलं सिद्ध कसं करायचं, याची रीत तेव्हा तयार झाली नव्हती.

फ्रीडमन आणि रोझेनमन यांचाही आधी स्वभाव आणि हृदयाच्या या नात्यावर विश्वास नव्हता. १९५०च्या दशकात हृदयरोगावरचा सगळा खल लोणी, अंडी आणि कोलेस्टेरॉल यांच्याभोवती चालला होता आणि हे दोघंही त्याच वाटेने जात होते. फ्रीडमन यांनी पुढे आपल्या पुस्तकात एक हकिगत सांगितली आहे. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांचं कापड बदलायला आलेल्या कारागिराने विचारलं, तुमचे पेशंट असे कसे? खुर्च्यांच्या बैठकीची फक्त पुढची कड झिजलेली होती. माणसं टेकून बसतच नव्हती. कडेवर बसून, आता उठू की मग उठू अशी वाट पाहत होती. दोघा डॉक्टरांनी ऐकलं आणि कामाला लागले. त्या प्रश्नात काय दडलंय हे लक्षात यायला पुढे बरीच वर्षं गेली.

त्यांना वळण लावलं ते बायकांनी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्युनिअर लीग या महिला संस्थेच्या सदस्य आणि त्यांचे नवरे यांच्या आहाराची तुलना डॉक्टर करत होते. आहारात फारसा फरक निघेना, मग झटके नवऱ्यांनाच का जास्त येतात? संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनी सरळ सांगितलं की आमच्या नवऱ्यांना मारतो तो कामाचा ताण, ताटातलं जेवण नव्हे. त्यानंतर डॉक्टरांनी शहरातल्या व्यावसायिकांना प्रश्नावली पाठवली : तुमच्या ओळखीत ज्याला झटका आला, त्याला तो कशामुळे आला असं तुम्हाला वाटतं? बहुसंख्यांचं उत्तर होतं, जिवापाड स्पर्धा आणि कामाच्या मुदती.

मग १९५९चा निबंध आला. कंपन्यांमधल्या लोकांनाच त्यांनी सांगितलं, तुमच्या सहकाऱ्यांपैकी सतत घाईत असलेली, चढाओढीत गुंतलेली, एका वेळी दोन-तीन कामं अंगावर घेणारी माणसं दाखवा. अशी ८३ माणसं निवडली, हा ‘अ’ गट. अगदी उलट स्वभावाची, निवांत अशी ८३ माणसं निवडली, हा ‘ब’ गट. तपासणीत पहिल्या गटात हृदयविकाराचं प्रमाण दुसऱ्याच्या सातपट निघालं. आकडा डोळे दिपवणारा होता. पण निवड दोन टोकांची होती आणि माणसं दाखवणारे होते त्यांचेच सहकारी. अशा निवडीतून फरक फुगून दिसण्याची शक्यता असते. पुढच्या संशोधनासाठी सरकारी अनुदानाचे त्यांचे अर्ज आधी फेटाळले गेले. ‘भावनिक ताण’ हा शब्द अर्जात दिसला की तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचा आणि हृदयाच्या डॉक्टरांना यातलं काय कळतं, असं म्हणून परत यायचा. शेवटी अनुदान देणाऱ्या संस्थेतल्याच एका अधिकाऱ्याने त्यांना कोरं, भावनाशून्य नाव सुचवलं, असं फ्रीडमन सांगत. ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ अशी नावं लावली आणि पैसे मिळाले.

त्या पैशांतून उभा राहिला ‘वेस्टर्न कोलॅबोरेटिव्ह ग्रुप स्टडी’. १९६०-६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांमधले ३९ ते ५९ वयाचे, हृदयविकार नसलेले ३,१५४ पुरुष त्यात घेतले. त्यांची मुलाखत घेण्याची पद्धत मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत कल्पक गोष्ट वाटते. माणूस काय उत्तर देतो, यापेक्षा तो कसं उत्तर देतो याला महत्त्व होतं. सकाळी किती वाजता उठता, असला साधा प्रश्न मुलाखतकार मुद्दाम रेंगाळत, अडखळत विचारी. ‘टाइप ए’ माणसाला ते सहन होत नसे. तो प्रश्न मध्येच तोडून उत्तर फेकी. आवाजातला ताठरपणा, आवळलेला जबडा, टेबलावर आपटलेली मूठ, सगळं नोंदवलं जाई. साधारण निम्मे पुरुष ‘ए’मध्ये पडले, निम्मे ‘बी’मध्ये. साडेआठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. त्या काळात २५७ जणांना हृदयविकार झाला. त्यांतले १७८ ‘टाइप ए’ होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा करूनही धोका जवळजवळ दुप्पट राहिला.

१९७४ मध्ये फ्रीडमन-रोझेनमन यांचं ‘टाइप ए बिहेवियर अँड युवर हार्ट’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत लोक एकमेकांना ‘तू ए की बी?’ असं विचारू लागले. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने फ्लोरिडातल्या अमेलिया बेटावर तज्ज्ञांची बैठक बोलावली. तिचा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला : ‘टाइप ए’ वर्तन हे हृदयविकाराच्या धोक्याचं स्वतंत्र कारण आहे आणि त्याचं वजन साधारण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांच्याइतकंच आहे. स्वभावाला एवढा मान वैद्यकात त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही.

दरम्यान लंडनमधून वेगळीच बातमी आली होती. ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात ब्रिटिश सरकारी नोकरीतल्या सुमारे १८,००० पुरुषांची माहिती गोळा केली होती. १९७८ मध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी तिचा हिशेब मांडला. धावपळ करणारा, निर्णयांचं ओझं वाहणारा मोठा साहेब झटक्याने जातो, अशी सगळ्यांची समजूत होती. आकडे उलट बोलले. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होतं. धूम्रपान आणि इतर कारणं धरूनही हा फरक पुरता मिटत नव्हता. ज्याच्या हातात आपल्या दिवसाचा ताबा नाही, ज्याला दुसऱ्याच्या घंटीवर उठावं लागतं, त्याचं हृदय जास्त धोक्यात होतं. ‘टाइप ए’ची सारी चर्चा कचेरीत खुर्ची असलेल्या माणसांभोवती फिरत होती. दाराशी उभा असलेला माणूस तिच्यात नव्हताच. मला हा त्या संशोधनाचा सर्वांत मोठा आंधळेपणा वाटतो. बायकाही जवळजवळ नव्हत्या. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम हृदय-अभ्यासाने १९८० मध्ये स्त्रियांचा हिशेब मांडला खरा, पण ‘झटका येतो तो महत्त्वाकांक्षी पुरुषाला’ ही प्रतिमा तोवर घट्ट रुजली होती आणि स्त्रीच्या छातीतल्या कळा ‘गॅस’ नाही तर ‘टेन्शन’ या खात्यात जात राहिल्या.

मग १९८५ उजाडलं. ‘एमआरफिट’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत धोक्याच्या उंबरठ्यावरच्या ३,००० हून अधिक पुरुषांच्या तशाच मुलाखती घेतल्या होत्या. सात वर्षांनी पाहिलं तर ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यात फरक नाही. तीन वर्षांनी याहून मोठा धक्का बसला. डेव्हिड रॅगलंड आणि रिचर्ड ब्रँड यांनी मूळ अभ्यासातल्याच त्या २५७ रुग्णांचा माग काढला. झटक्यानंतरचे पहिले चोवीस तास ज्यांनी पार केले त्यांच्यात ‘टाइप ए’ माणसांचं मृत्यूचं प्रमाण ‘टाइप बी’पेक्षा कमी निघालं. बावीस वर्षांच्या हिशेबात तर हृदयविकाराने येणारा मृत्यू आणि ‘टाइप ए’ यांचा संबंधच दिसेना. कुणी म्हणालं, घाईची माणसं झटक्यानंतर औषधपाण्यातही तेवढीच तत्पर असतील. कुणी म्हणालं, मुलाखत घेण्याचं कसब सगळ्यांना साधत नाही. वाद झाले, पण ‘टाइप ए’चं सिंहासन गेलं ते गेलंच.

सिंहासन गेल्यावरही एका धंद्याला ही कल्पना हवी होती. १९९०च्या दशकाअखेर अमेरिकेत तंबाखू कंपन्यांवरच्या खटल्यांमुळे त्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. मार्क पेटिक्रू, केली ली आणि मार्टिन मॅकी यांनी ती तपासून २०१२ मध्ये जे मांडलं ते वाचून मन विषण्ण होतं. फिलिप मॉरिस कंपनीने मायर फ्रीडमन यांच्या नावाच्या संस्थेतल्या संशोधनाला वर्षानुवर्षं मोठाल्या रकमा दिल्या होत्या. कारण उघड होतं. झटका स्वभावामुळे येत असेल तर सिगारेट सुटते. सिगारेट ओढणारा मुळातच तणावग्रस्त असतो, त्याला मारतो तो तणाव, असं कोर्टात म्हणता येतं. ब्रिटनमधले नामांकित मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांचीही गोष्ट तशीच. रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिसेक यांच्यासोबत त्यांनी कर्करोग आणि हृदयविकार यांना बळी पडणाऱ्या व्यक्तिमत्त्वांवर निबंधांमागून निबंध लिहिले. त्यांच्यामागेही तंबाखूचा पैसा होता. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने त्या दोघांच्या २६ निबंधांवर विसंबता येणार नाही असा निर्णय दिला. फ्रीडमन यांचं मूळ काम प्रामाणिक होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या कल्पनेच्या आडून माणसांना सिगारेट विकली जात राहिली आणि त्यात किती जीव गेले असतील याचा विचार केला की संताप येतो.

मग शाबूत काय राहिलं? १९७७ मध्येच कॅरन मॅथ्यूज यांनी मूळ अभ्यासातल्या मुलाखती पुन्हा उघडल्या होत्या आणि ‘टाइप ए’ नावाच्या गाठोड्यातले घटक वेगवेगळे केले. हृदयविकाराशी ज्यांचं नातं दिसलं त्यांत भरभर बोलणं किंवा कामाची आवड ठळक नव्हती. ठळक होती ती चीड, वैरभाव, बाहेर फेकला जाणारा राग आणि रांगेत उभं राहताना होणारा चडफडाट. ड्यूक विद्यापीठाचे रेडफोर्ड विल्यम्स आणि जॉन बेअरफूट यांनी हा धागा पुढे नेला. विद्यार्थिदशेत एक मानसिक चाचणी दिलेल्या २५५ डॉक्टरांना त्यांनी पंचवीस वर्षांनी गाठलं. तेव्हा ज्यांच्या उत्तरांत लोकांबद्दल अविश्वास आणि कडवटपणा जास्त होता, त्यांच्यात हृदयविकार इतरांच्या चार-पाचपट निघाला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला. २००९ मध्ये योइची चिदा आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडले. तेव्हा निरोगी माणसांत राग-वैरभावामुळे धोका सुमारे १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आधीच हृदयरोग असलेल्यांत २४ टक्क्यांनी. त्यातलाही काही वाटा अशा माणसांच्या सिगारेट, दारू, कमी व्यायाम अशा सवयींचा. म्हणजे आहे, पण माफक आहे. संतापाचा भडका उडाल्यानंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त होते, हे १९९५च्या एका अभ्यासाने १,६०० वर रुग्णांना विचारून दाखवलं. रक्तदाब उसळतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि धमनीत आधीपासून साचलेला थर फाटायला निमित्त मिळतं.

मधल्या काळात बेल्जियमच्या योहान डेनोलेट यांनी ‘टाइप डी’ म्हणून आणखी एक प्रकार मांडला. सतत खिन्न राहणारी आणि मनातलं कुणाकडे न बोलणारी माणसं. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा अभ्यास खूप गाजला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी त्याला पूर्वीइतकी साथ दिली नाही.

आता फ्रीडमन यांच्या एका कामाबद्दल, जे मला मनापासून आवडतं. त्यांना स्वतःलाही मधल्या वयातच हृदयविकाराने गाठलं होतं आणि स्वतःला ते सुधारणेच्या मार्गावरचा ‘टाइप ए’ म्हणवत. झटका येऊन गेलेल्या हजारभर रुग्णांवर त्यांनी प्रयोग केला. काहींना हृदयरोगाबाबत नेहमीचा सल्ला दिला, तर काहींना त्यासोबत स्वभाव बदलण्याचे धडे. दुकानात मुद्दाम सर्वांत लांब रांगेत उभं राहायचं, गाडी संथ लेनमध्ये चालवायची, हातातलं घड्याळ काढून ठेवायचं, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. १९८६ मध्ये निकाल आला. साडेचार वर्षांत नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी २१.२ टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, धडे घेतलेल्यांपैकी १२.९ टक्के. ‘टाइप ए’चा सिद्धांत पडला तरी हा निकाल उभा आहे. माणूस मनावर घेईल तर पन्नाशीतही बदलतो, हे त्यात दिसतं. फ्रीडमन नव्वद वर्षं जगले आणि २००१ मध्ये गेले.

मराठी वाचकांना हा विषय परका नाही. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना चाळिशीतच झटका आला आणि त्यावरचं त्यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वाचलं गेलं. आपल्याकडचा धोका आकड्यांतही दिसतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आला होता, इतर देशांत ५९च्या आसपास. त्याच अभ्यासात मानसिक ताण नऊ प्रमुख कारणांपैकी एक ठरला. पण तंबाखू आणि बिघडलेली चरबी त्याच्या पुढे होती. मधुमेह, रक्तदाब आणि पोटाचा घेरही त्याच यादीत होते.

म्हणून एक कळकळीची विनंती. ‘ते शांत स्वभावाचे आहेत, त्यांना कुठला हार्टचा त्रास!’ असं म्हणून कुणाच्याही छातीतल्या कळा घरात बसून सोसू देऊ नका. आई, आजी, घरी काम करायला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन यांच्यापैकी कुणालाही छातीत दाटून आलं, दरदरून घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर त्यांचा स्वभाव आठवत बसू नका. ताबडतोब गाडी काढा, १०८ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. रागावर काम जरूर करा. त्याआधी तंबाखू सोडा आणि रक्तदाब मोजून घ्या.